मराठी विभागाची मॉरिशस भेट: सहल न होता खरी देवाणघेवाण कशी होईल?

भरड:

नमस्कार. मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून आठवडाभर मॉरिशसला जायचं आमच्या विभागात घाटतंय. पंधरा-सोळा विद्यार्थी, तीन-चार प्राध्यापक. प्राचार्य अनुकूल आहेत. संस्थेचे अध्यक्षही म्हणाले, "करा, पण नीट करा."

मॉरिशसच का, हे इथल्या लोकांना फार समजावून सांगावं लागणार नाही. तिथे शाळेत मराठी शिकवतात, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीची पदवी घेता येते, आणि तिथल्या मराठी घरांचे बरेचसे पूर्वज मुंबई बंदरातून जहाजात बसले ते आमच्याच रत्नागिरी-सावंतवाडी पट्ट्यातले आणि घाटावरच्या साताऱ्याकडचे. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरातलं कोणी ना कोणी मुंबईला गिरणीत होतं. त्याच्याही आधी गावची माणसं त्याच बंदरातून समुद्रापार ऊस तोडायला गेली, हे मात्र मुलांना ठाऊकच नाही. मी वर्गात सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकावरचाही मान वर करून ऐकत होता.

अडचण अशी की दोन ट्रॅव्हलवाल्यांकडून कार्यक्रम मागवला आणि दोघांकडून जवळजवळ एकच कागद आला. समुद्रकिनारा, बोट, शामारेलची सात रंगांची माती, खरेदी, आणि शेवटच्या दिवशी दोन तास "कल्चरल प्रोग्रॅम". त्यात आमच्या मुलांनी लावणी करायची, त्यांच्या मुलांनी सेगा हा तिथला नाच करायचा, फोटो, जेवण, परत. एवढ्यासाठी पालकांनी कर्ज काढावं असं मला वाटत नाही. आमच्या बहुतेक मुलांकडे अजून पासपोर्टही नाही.

ज्यांनी अशी भेट नेली आहे किंवा जे अशा भेटीत गेले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कोणाशी आधी बोलायचं? मुलं कशी निवडायची? आठ दिवसांत काय ठेवायचं आणि काय गाळायचं? मॉरिशसचे कोणी वाचक इथे असतील तर त्यांचं मत मला सगळ्यात आधी हवं आहे.

हिशेबनीस:

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखा विभाग सांभाळतो. मुलांना परदेशी नेण्याची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून गेली आहेत, त्यामुळे तेवढंच लिहितो.

पासपोर्ट आजच सुरू करा. सगळ्यात जास्त वेळ नावात जातो. आधारवर "आडनाव नाव वडील", दहावीच्या प्रमाणपत्रावर वेगळा क्रम, जन्मदाखल्यावर घरचं नाव. प्रत्येक मुलाचे तिन्ही कागद शेजारी ठेवून स्वतः वाचा आणि जिथे फरक दिसेल तिथे पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या. पोलीस पडताळणीच्या वेळी मुलगा हॉस्टेलवर आणि पत्ता गावचा, असं असेल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा.

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून मॉरिशसला जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. उतरल्यावर फी न घेता शिक्का मारतात. पण परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे आहेत याचा पुरावा मागतात. प्रवासाचा ऑनलाइन फॉर्म निघण्याआधी भरायचा. प्रत्येकाची छापील प्रत प्रत्येकाच्याच हातात हवी. सगळ्यांचे कागद सरांच्या पिशवीत आणि सर दुसऱ्या रांगेत, असं करू नका.

अनुदानित महाविद्यालय असेल तर प्राध्यापकांसाठी संस्थेचा ठराव आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडची परवानगी, हे दोन्ही तिकिटं काढण्याच्या आधी हातात घ्या. विद्यापीठालाही पत्र जाऊ दे.

पैशांचं म्हणाल तर सगळी रक्कम महाविद्यालयाच्या स्वतंत्र खात्यात घ्या, रोख एक रुपयाही नको, आणि पालकांना हप्ते पाडून द्या. २०२४च्या फेब्रुवारीपासून मॉरिशसमध्ये आपलं यूपीआय सुरू झालं आहे, पण खेड्यातल्या दुकानात त्यावर विसंबू नका. तिथले रुपये थोडे जवळ असू द्यात. त्यांचाही चलनाचा शब्द रुपयाच आहे, तेव्हा हिशेबाच्या वहीत कोणता रुपया ते प्रत्येक ओळीत लिहायला लावा.

कोणी नियमित गोळ्या घेत असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ पाकीट बरोबर ठेवा. झोपेच्या, जोरदार वेदनाशामक वगैरे औषधांबाबत तिथले नियम कडक आहेत.

सोनचाफा:

भरड मॅडम, मी रत्नागिरी जिल्ह्यात मराठी शिकवते. आमच्या महाविद्यालयाची भेट मीच नेली होती, तेव्हा मोकळेपणाने लिहिते. लांबेल, पण तुमचा प्रश्नच तसा आहे.

पहिलं पत्र कोणाला जातं त्यावर सगळी भेट ठरते. ते ट्रॅव्हल कंपनीला गेलं की सहल होते. तुम्ही पहिलं पत्र महात्मा गांधी संस्थेच्या मराठी विभागाला पाठवा. विभागप्रमुखांच्या सहीचं, मराठीत, साधं. आम्ही कोण, आमच्या भागातून तुमच्याकडे लोक आले, आमच्या मुलांना काय शिकायचं आहे, आणि आम्ही तुमच्या मुलांसाठी काय आणू शकतो. हा शेवटचा मुद्दा नसेल तर पत्र पाठवूच नका. सामंजस्य कराराची घाई करू नका. महाविद्यालयाला मानांकन देणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी तो हवा असतो हे मलाही कळतं, पण आमचा करार भेटीनंतर झाला आणि म्हणूनच त्यात लिहिलेल्या गोष्टी दोन्हीकडच्या लोकांना खरंच करायच्या होत्या.

दिवाळीची सुट्टी निवडलीत ते उत्तम. दिवाळी तिथेही सरकारी सुट्टी. त्याहून महत्त्वाची तारीख २ नोव्हेंबर. १८३४ साली या दिवशी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या मजुरीची पद्धत तिथे सुरू झाली. त्यानंतरच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. ज्या डेपोतून ती आत गेली तो आप्रवासी घाट २००६पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि २ नोव्हेंबरला देशभर सुट्टी असते. तुमच्या तारखा यात बसवता आल्या तर बसवा.

घाटावर नेण्याआधी मुलांची तयारी करून घ्या. सोळा दगडी पायऱ्या आहेत. नुसत्या पाहिल्या तर पाच मिनिटांत बघून होतात. आम्ही निघण्याआधी महिनाभर शनिवारी बसत होतो. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामाला आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचे. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर पास लागे, आणि पास नसलेल्याला भटका म्हणून धरत. हे सगळं मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं होतं. आमच्यातल्या एका मुलीचे वडील आंब्याच्या बागेत गड्याचं काम करतात. तिने घाटावरच्या माहिती केंद्रात विचारलं, "खाडा झाला की दोन दिवस कापायचे, हे कायद्यात लिहिलेलं होतं का?" तिथल्या बाई तिला शेजारी बसवून पाऊण तास बोलल्या. त्या पाऊण तासासाठी आम्ही दुपारची खरेदी रद्द केली.

घाटापासून जवळच २०२३ साली गुलामगिरीचं संग्रहालय उघडलं आहे, जुन्या लष्करी इस्पितळाच्या इमारतीत. ते चुकवू नका. आणि नैर्ऋत्येकडचा ल मोर्नचा डोंगर, जिथे मळ्यांवरून पळालेले गुलाम आसऱ्याला राहत, तोही बघा. १८३५मध्ये गुलामगिरी संपली. मळेवाल्यांना हात कमी पडणार हे आधीच दिसत होतं, म्हणून आपल्या माणसांना बोलावलं गेलं. हे दोन धागे जोडल्याशिवाय मॉरिशस कळत नाही. फक्त भारतीय वंशाच्या घरांत जेवून, "आपलीच माणसं" म्हणून गळ्यात गळे घालून मुलं परत आली, तर अर्धा देश पाहायचा राहिला. आमच्या बसचे चालक क्रिओल होते, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशातले. त्यांच्या आजीच्या गोष्टी मुलांनी ल मोर्नच्या पायथ्याशी ऐकल्या, त्याही पाहुण्यांच्या कार्यक्रमाइतक्याच मोलाच्या होत्या.

आता घरांबद्दल. आठातल्या दोन तरी रात्री मुलं यजमानांच्या घरी राहतील असं बघा. दोन-दोन मुली, दोन-दोन मुलगे. आम्ही एका घरी सगळे रात्रीच्या जेवणाला गेलो होतो. जेवण झाल्यावर घरातल्या आजोबांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढला. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीचा उतारा. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची फूट-इंचात, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा. जिल्ह्याचं स्पेलिंग जुनं, इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. गावाचं तर त्याहून विचित्र. आजोबांना तो शब्द आयुष्यभर वाचता आला होता, पण गाव कुठलं ते कळलं नव्हतं. आमच्या मुलांनी तो कागद मधे ठेवला आणि मोठ्याने वेगवेगळे उच्चार करून बघायला लागली. एक म्हणाला राजापुरातलं असेल, दुसरी म्हणाली नाही, लांज्यात याच नावाचं आहे. मग वाड्या, मग नदी, मग कोणाचा मामा तिथे दिलेला. आजोबा प्रत्येक नावाला "लिहा, लिहा" म्हणत होते आणि त्यांची नात लिहून घेत होती.

सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणजे मला तरी हेच वाटतं. आपल्याकडे त्यांना हवं असं काहीतरी असतं, आणि ते शालीत गुंडाळून देता येत नाही. तुमची मुलं सिंधुदुर्गातली आहेत, गावऱ्हाटी (गावच्या देवाधर्माच्या रीती), देवस्थानं, वाड्यांची नावं त्यांच्या तोंडावर आहेत. मुंबईतल्या नामांकित महाविद्यालयाकडे नसेल असं भांडवल आहे ते. मुलांना तसं स्पष्ट सांगा. परदेशी जायचं म्हटलं की आपली मुलं इंग्रजीच्या धास्तीने गप्प होतात.

नाचाचं म्हणाल तर लावणी बसवू नका. लावणी सुंदर आहे, पण ती त्यांना टीव्हीवर दिसते. तिथल्या मराठी लोकांनी झाकरी जपली आहे, ती आपली जाखडीच. मधे ढोलकी आणि झांज, भोवती गोल करून नाचणारे, आधी गण, मग गवळण. आमच्या गटात बाल्या नाचवाले (जाखडीलाच बाल्या नाच म्हणतात) दोघे होते. आम्ही कार्यक्रम ठेवलाच नाही, दोन संध्याकाळी एकत्र तालीम ठेवली. त्यांची चाल संथ, आमच्या पोरांची धावती. त्यांच्यातले एक काका पाय टाकून दाखवत होते, आणि आमच्या मुलाच्या लक्षात आलं की हे पाऊल त्याचे आजोबा टाकतात, वडील टाकत नाहीत. तेवढं पाऊल शिकून तो आला. गेल्या गौरी-गणपतीत त्याच्या वाडीने ते घेतलं.

मुलं गुणांवर निवडू नका. आम्ही प्रत्येकाला एक काम दिलं आणि त्या कामाला लागणारी मुलं घेतली. नाचणारे, गाणारी, हिशेब ठेवणारा, रोज रात्री दैनंदिनी लिहिणारी, आजारी पडल्यास कोणाला काय चालतं हे पाठ असलेली. ज्यांना पैसे भरणं शक्य नव्हतं अशांसाठी माजी विद्यार्थी संघाकडे गेलो. कोणाला सवलत मिळाली हे गटात कोणालाच कळू दिलं नाही, अगदी प्राध्यापकांनाही.

प्राध्यापकांत मराठीचेच सगळे नकोत. इतिहासाचे एक न्या आणि ग्रंथपालांना न्या. ग्रंथपालांना आपल्याकडे कोणी कुठे नेत नाही. आमच्या ग्रंथपाल सरांनी तिथल्या ग्रंथालयात बसून कोणती मराठी पुस्तकं आहेत आणि मुलांसाठी कोणती लागतील याची यादी केली. पुढची दोन वर्षं त्या यादीप्रमाणे पार्सलं गेली. या भेटीचं सगळ्यात टिकाऊ काम तेच.

भेट म्हणून शाल-श्रीफळ नेऊ नका. नारळ, रोपं, बिया, फळं यांना परवाना लागतो आणि विमानतळावर काढून घेतात. पुस्तकं न्या. जिल्ह्याचा मोठा नकाशा न्या, ज्यावर गावं वाचता येतील असा. आमच्या नकाशावर रोज कोणी ना कोणी बोट ठेवून उभं असायचं.

समुद्राबाबत मी कडक आहे. आपली किनाऱ्यावरची मुलं पोहण्यात तरबेज असतात आणि म्हणूनच जास्त धोका. तिथलं पाणी प्रवाळाच्या कड्याआड शांत दिसतं, कड्याला जिथे खिंड असते तिथे ओढ जबरदस्त. गुडघाभर पाण्यापलीकडे जायचं तर जीवरक्षक जॅकेट, आणि अंधार पडल्यावर कोणीही नाही. हे पालकांसमोर लिहून घेतलं होतं.

मोकावासी:

सर्वांना नमस्कार. मी मॉरिशसमध्ये मराठी शिकवते. माझी मराठी पुस्तकी वाटली तर समजून घ्यावे. आमच्या घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली भाषा, बोलली जाते. मराठी मी शाळेत, पूजेत आणि आजीच्या गाण्यांत शिकले.

सोनचाफा मॅडमनी लिहिलेले मी पुन्हा सांगत नाही. आमच्या बाजूने जे दिसते ते लिहिते.

भारतातून गट येतात तेव्हा आम्हाला फार आनंद होतो. परंतु काही पाहुणे आल्या आल्या आमची परीक्षा घेतात. "तुम्हाला मराठी येते का? म्हणून दाखवा." आमच्या विद्यार्थ्याने वाक्य बोलले की लगेच त्याचे लिंग-वचन सुधारतात, मग तो पुढे बोलत नाही. तो मुलगा घरी क्रिओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, आणि त्यावर स्वतः निवडून मराठी शिकतो. त्याला बोलू द्यावे. तुमच्या विद्यार्थ्यांनाही थोडी क्रिओल शिकवून आणा. सकाळी "बोंझूर" आणि "की मान्येर?" एवढे म्हटले तरी बाजारातील बाई हसून दोन गोष्टी जास्त बोलते.

तारखेबद्दल सांगते. आमचे शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होते आणि नोव्हेंबरात संपत येते. त्याच सुमारास मोठ्या परीक्षा असतात. २ नोव्हेंबरसाठी येणार असाल तर शाळेची भेट पहिल्या दिवसांत ठेवा आणि आम्हाला आधी कळवा. गणेश चतुर्थीला आलात तर सगळ्यात चांगले. ती आमच्याकडे सरकारी सुट्टी आहे आणि हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणपती बसतो. पण कोकणातील मुले गणपतीत घर सोडणार नाहीत हे मला ठाऊक आहे. आमची मुलेही सोडत नाहीत! जानेवारी ते मार्च मोठ्या वादळांचा काळ आहे, तेव्हा येऊ नये.

तुम्ही काय आणावे? आजची मराठी आणा. आमची पुस्तके जुनी आहेत. तुमची मुले एकमेकांना फोनवर काय लिहितात, बसमध्ये काय बोलतात, भांडताना काय म्हणतात, हे आमच्या मुलांना ऐकायचे असते. तुमच्या महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक आणा. गेल्या वेळी एका गटाने ते आणले होते, त्यातील एका मुलीची एसटीवरची कविता मी अजून वर्गात शिकवते.

आणि एक विनंती. आम्हाला "हरवलेले" म्हणू नका. भाषणात पाहुणे प्रेमानेच म्हणतात, "आमचे हरवलेले बांधव सापडले." आमच्या पणजोबांनी हा देश हातांनी उभा केला. आम्ही इथलेच आहोत.

खाण्याची काळजी नको. शाकाहारी मुलांना ढोल पुरी सगळीकडे मिळेल: वाटाण्याच्या डाळीची पातळ पुरी, त्यात घेवड्याची भाजी आणि चटणी, कागदात गुंडाळून देतात. पोर्ट लुईच्या बाजारात उभे राहून खावी. सोबत आलुदा, थंड दूध आणि सब्जा.

लांज्याचा:

मी सोनचाफा मॅडमच्या गटात होतो. हिशेबाची वही माझ्याकडे होती.

ते आजोबा आणि कागद, त्यापुढचं सांगतो, कारण मॅडमनी लिहिलं नाही. परत आल्यावर आम्ही चौघांनी ते गाव शोधायला घेतलं. एकाच नावाची दोन गावं निघाली. कागदावर आडनाव नव्हतं. मजुराचं पहिलं नाव, बापाचं नाव आणि जात, बस. तिथे तर त्या पहिल्या नावाचंच पुढे आडनाव झालेलं. आम्ही दोन्ही गावांत रविवारी गेलो. एका गावात गुरवांनी आणि दोन म्हाताऱ्यांनी वेळ दिला. कोण "मिरीच देशाला" (मॉरिशसला तेव्हा असं म्हणत) गेला अशी एक आठवण त्यांच्यातल्या एकाच्या आजीकडून आलेली होती, पण नाव जुळलं नाही. नातेवाईक सापडले असं मी म्हणणार नाही. आम्ही दोन्ही गावांच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा, पाणवठ्याचा आणि जुन्या पायवाटेचा व्हिडिओ काढला, वाड्यांची नावं लिहिली आणि पाठवून दिलं. आजोबांच्या नातीने कळवलं की त्यांनी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला आणि पायवाट बंदराकडे जाते का असं विचारलं. जात होती. आधी राजापूरच्या खाडीकडे. ते आम्ही परत जाऊन खात्री करून सांगितलं.

भरड मॅडम, मुलांसाठी एक सांगू? घरी राहायची रात्र पहिल्याच दिवसांत ठेवा. आमची ती मधे होती. तोपर्यंत आम्ही आपापसातच बोलत होतो. माझ्या यजमान मुलाला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, मराठी माझ्यापेक्षा कमी, आणि हिंदी दोघांनाही सिनेमापुरती. तिन्ही मिसळून पहाटेपर्यंत बोललो. त्याला माझं शेत बघायचं होतं, मला त्यांचं ऊसतोडणीचं यंत्र. दुसऱ्या दिवशी त्याच्या काकांनी दाखवलंही.

प्लग न्यायला विसरू नका. तिथे तीन चौकोनी दांड्यांचा ब्रिटिश प्लग बसतो. आणि घड्याळ दीड तास मागे, घरी फोन करताना आईला झोपेतून उठवू नका.

भरड:

सगळ्यांचे मनापासून आभार. मोकावासी मॅडम, तुमचा निरोप मी विभागाच्या बैठकीत वाचून दाखवला. "हरवलेले" हा शब्द आमच्या स्वागत भाषणाच्या मसुद्यात होता. काढला.

प्राचार्यांनी ट्रॅव्हलवाल्यांचे दोन्ही कागद बाजूला ठेवले आहेत. आता दोन अडचणी उरल्या. एक, तीन मुलींच्या घरून नकार आहे, "परक्याच्या घरी रात्री राहायचं नाही." त्या तिघी गटातल्या सगळ्यात तयार मुली आहेत. दोन, आमच्याकडचा मृदंग विमानातून न्यायचा का?

सोनचाफा:

मुलींच्या घरी तुम्ही स्वतः जा, आणि जाताना प्राचार्यांना नेऊ नका. प्राचार्य आले की वडील "हो" म्हणतात आणि नंतर पासपोर्टचा कागदच देत नाहीत. एखाद्या महिला प्राध्यापकांना बरोबर घ्या आणि आईशी बोला. आम्ही यजमान घरातल्या बाईंशी आधीच व्हिडिओवर बोलणं करून दिलं होतं. दोन्ही आया एकमेकींना दिसल्या, जेवणखाण काय, झोपायची खोली कुठली, घरात आणखी कोण कोण, सगळं विचारून झालं. एका आईने तर लग्नाची बोलणी करावी तशी चौकशी केली आणि मग स्वतःच मुलीची बॅग भरली. तरीही एखाद्या घरून नकार राहिला तर त्या मुलीला गटातून काढू नका. तिच्यासाठी आणि एका प्राध्यापिकेसाठी वसतिगृहात खोली ठेवा. दिवसभर ती सगळ्यांबरोबर असेल. घरी राहणं ही अट केलीत तर नेमक्या त्याच मुली मागे राहतील ज्यांच्यासाठी आपण हा खटाटोप करतो.

मृदंग नेऊ नका. चामडं असल्यामुळे चौकशी होते, आणि सामानात टाकलात तर फुटून मिळेल. ढोलकी तिथे आहे, वाजवणारेही आहेत. पायातले चाळ मात्र न्या, ते मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून. हातातल्या पिशवीत ठेवलेत तर सुरक्षा तपासणीत प्रत्येक वेळी उघडून दाखवावे लागतात.

पत्र जूनमध्येच जाऊ द्या, म्हणजे त्यांच्या परीक्षांच्या आधी उत्तर येईल. मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचते. मोकावासी मॅडमना इथेच विचारून घ्या की तो विभागात नेमका कोणाच्या नावाने पाठवायचा.

मोकावासी:

मी कळवते. आणि त्या तिन्ही मुलींच्या आयांशी बोलायला माझी आई तयार आहे. तिला मराठी समजते, उत्तर मी देईन. रविवारी तुमच्या संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे आमच्या साडेचार वाजता चालेल का?